मदत हवी: आरसिंकमध्ये 'रॉ' वगळायचं, पण त्यातलं 'निवडक' पाठवायचं. नियमांचा क्रम कसा लावू?

मालवण_स्टुडिओ

मालवणच्या लिनक्स मशीनवरून कुडाळच्या बॅकअपला आरसिंक (फोल्डरची प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवणारा प्रोग्राम) लावलाय. 'शूट' फोल्डरमध्ये दशावतार, रापण, गणपती असे कामांचे फोल्डर, प्रत्येकात 'जेपीजी' आणि 'रॉ' (कॅमेऱ्यातल्या मूळ, जड फायली). 'रॉ'मध्ये 'निवडक' नावाचा फोल्डर असतो, तेवढाच जायला हवा. सगळे रॉ पाठवणं या लाइनवर शक्य नाही, पावसात तर नाहीच. 'कॅशे' (तात्पुरत्या फायलींचा फोल्डर) कुठेही असला तरी नको. फिल्टर फाइल अशी आहे (वजा म्हणजे वगळ, अधिक म्हणजे पाठव):

- कॅशे/
- रॉ/
+ रॉ/निवडक/*

'निवडक' जात नाही. शेवटच्या दोन ओळींची अदलाबदल केली तरी तेच.

खाडीपल्याड

गिटची (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) सवय आहे का? गिटच्या वगळण्याच्या यादीत शेवटचा जुळलेला नियम चालतो, आरसिंकमध्ये पहिला. वरून खाली वाचत जातो, जो नियम आधी जुळला तो लागू, पुढचे बघतच नाही. म्हणून अपवाद वर, सरसकट नियम खाली.

पण अदलाबदल करूनही अडलं ते दुसऱ्या कारणाने. आरसिंक झाडावरून उतरत जातो. आधी 'रॉ' या फोल्डरलाच नियम लावून बघतो. 'निवडक'चा नियम त्याला जुळत नाही, '- रॉ/' जुळतो. दारच बंद, मग आतल्या 'निवडक'ची चौकशी कोण करणार? फोल्डर उघडा ठेवा आणि त्यातला माल वगळा:

- कॅशे/
+ रॉ/निवडक/
- रॉ/*

एकेरी तारा (*) स्लॅश ओलांडत नाही, त्यामुळे 'निवडक'मधल्या फायलींना शेवटची ओळ लागत नाही. तीन तारांची (***, म्हणजे फोल्डर आणि त्यातलं सगळं) इथे गरज नाही, कारण ज्याला एकही नियम जुळत नाही ते आपोआप जातं. मात्र 'निवडक'मध्ये आणखी एखादा 'रॉ' असेल तर दुसऱ्या ओळीच्या शेवटी तीन तारा ठेवा. तेव्हा 'कॅशे' पहिल्याच ओळीवर हवा, नाहीतर 'निवडक'मधला कॅशेसुद्धा जाईल.

मालवण_स्टुडिओ

जमलं, आभारी आहे. एक 'पऱ्या' नावाचा फोल्डर जुन्या मॅकच्या डिस्कवर आहे. '- /पऱ्या/' लिहिलं तरी तो जातोच.

बांधावरचा

दोन शक्यता. सुरुवातीचा स्लॅश म्हणजे पाठवण्याच्या मुळापासून. मूळ कोणतं, हे कमांडमधल्या स्रोताच्या शेवटी स्लॅश आहे की नाही यावर ठरतं. 'शूट/' दिलं तर '/पऱ्या/' बरोबर. नुसतं 'शूट' दिलं तर '/शूट/पऱ्या/' लिहावं लागतं.

दुसरी जास्त चिवट. युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) 'ऱ' दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर, किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब). मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टिम अक्षरं फोडून, म्हणजे दुसऱ्या प्रकारे ठेवते. डोळ्यांना फरक दिसत नाही, आरसिंक मात्र बाइट जुळवतो. नाव टाइप करू नका, टर्मिनलच्या यादीतून कॉपी करून नियमात चिकटवा. किंवा '/प*या/' लिहा, फक्त तसं दुसरं नाव नाही ना ते बघून. ओळीच्या शेवटी चुकून राहिलेली स्पेसही नियमाचा भाग धरली जाते, तेही तपासा.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा 'एन' पर्याय (-n) आणि दोनदा 'व्ही' (-vv) देऊन कोरडी फेरी, म्हणजे नुसती चाचणी, काढा. कोणती फाइल कुठल्या नियमामुळे लपवली ते ओळीओळीने दिसतं. एकही फाइल हलत नाही.

खाडीपल्याड

कुडाळला आधी गेलेले रॉ नव्या नियमांनी आपोआप निघणार नाहीत. 'डिलीट' (स्रोतात नसलेलं तिकडून पुसणारा) पर्याय असला तरी वगळलेल्या फायलींना तिकडे संरक्षण असतं. 'डिलीट एक्स्क्लुडेड' दिला तर त्या पुसल्या जातात, आणि मालवणची डिस्क गेली तर त्या रॉची दुसरी प्रत कुठेच नसेल. तो पर्याय कोरडी फेरी वाचल्याशिवाय लावू नका. रोजच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात) तर नकोच.

मालवण_स्टुडिओ

दोन्ही मशीन सिंकथिंगवर (मशीनमधले फोल्डर सारखे ठेवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामवर) नेली तर हेच नियम चालतील?

बांधावरचा

तत्त्व तेच, पहिला जुळलेला नियम चालतो. लिखाण वेगळं: अपवादाला अधिकऐवजी उद्गारचिन्ह, आणि वगळायच्या ओळीच्या सुरुवातीला काहीच चिन्ह नाही. ती नियमांची फाइल स्वतः सिंक होत नाही, कुडाळच्या मशीनवर वेगळी लिहावी लागेल.