अमेरिकी यादवीतील सेनापतींवरच्या व्यंगचित्रांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. दादरच्या आमच्या वाचनालयात अमेरिकी यादवी युद्धातील व्यंगचित्रांवर मी व्याख्यान देणार असून, त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. मुख्य चित्र १८६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीतले, जनरल मॅक्लेलन (उत्तरेच्या फौजेचे माजी सेनापती आणि त्या निवडणुकीत लिंकनविरुद्धचे उमेदवार) यांच्यावरचे आहे. किनाऱ्यावर व्हर्जिनियातील मॅल्व्हर्न हिलची लढाई पेटलेली असताना हे सेनापती ‘गॅलिना’ या युद्धनौकेवर, शिडाच्या आडव्या वाशावर खोगीर टाकून, दुर्बीण घेऊन बसलेले दिसतात. १ जुलै १८६२ रोजी ते काही काळ त्या नौकेवर होते हे खरेच. खोगीर मात्र चित्रकाराने घातले, आणि माझ्या मते सगळा घाव त्या खोगिरातच आहे.

त्यांच्या तोंडचा मजकूर फारच बारीक असल्याने मोठी प्रत छापताना अक्षरे फुटतात. हे काम नीट करून देणारा मुद्रक कोणी सुचवील का? त्या काळातील ‘पंच’ (इंग्लंडमधील व्यंग-साप्ताहिक) किंवा ‘हार्पर्स वीकली’ (अमेरिकेतील सचित्र साप्ताहिक) यांचे बांधीव खंड मुंबईत प्रत्यक्ष कोठे पाहता येतील? शिवाय याच युद्धामुळे मुंबईत कापसाचे भाव कडाडले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच भल्याभल्यांचे दिवाळे निघाले. त्यावरचे इथले एखादे व्यंगचित्र कोणाच्या पाहण्यात असल्यास कृपया अवश्य कळवावे.