मदत हवी आहे: सोयाबीनचा विमा भरलाय पण नुकसानीची तक्रारच घेत नाहीत, पैसे मिळणार का?

नमस्कार मंडळी, मी पुण्यात नोकरीला, शेती गावाकडं वडील बघतात, औसा तालुका. दीड हेक्टर सोयाबीन होतं, २०२५ च्या खरिपाचा विमा सीएससी सेंटरवर भरला, पावती आहे, ई-पीक पाहणी (मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद) पण झालीय. सप्टेंबरात काय पाऊस झाला ते सांगायला नको, ओढ्याकडचं अर्धं वावर चिबडून गेलं, उरलेलं कसंबसं काढून बनीम (कापलेल्या सोयाबीनचा ढीग) लावली तर तिलाही खालून कोंब फुटले. आदल्या वर्षी ॲपवर ७२ तासांच्या आत फोटो टाकून तक्रार केलेली आणि थोडेफार पैसे आलेही होते, पण या वेळी तो ऑप्शनच दिसेना. गावात कुणी म्हणतं विमाच बंद झालाय, कुणी म्हणतं मंडळ बसलं तर मिळेल, आता मंडळ बसलं म्हणजे काय ते धड कुणी सांगत नाही. मध्येच वडिलांच्या खात्यावर पैसे पडले, हेक्टरी साडेआठ हजाराच्या हिशोबानं, वडील म्हणतात हाच विमा, मला वाटतं हे अतिवृष्टीचे असावेत. हे घेतले म्हणून विमा कटणार का? आणि मोटर, गोठा, जनावरं यातलं काही या पावतीत कव्हर असतं का? पावतीवर तर फक्त पीक आणि क्षेत्र लिहिलंय.

बांधकरी:
तुमचा अंदाज बरोबर आहे, साडेआठ हजार म्हणजे कोरडवाहूचं सरकारी अनुदान, पंचनाम्यावर आलेलं. विमा वेगळा, त्यामुळं हे घेतलं म्हणून तो कटत नाही. रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १० हजार जाहीर झाले होते ते पण वेगळेच, आले नसतील तर ॲग्रिस्टॅकचा (सरकारची शेतकरी नोंदणी) फार्मर आयडी आणि केवायसी बघा, बऱ्याच जणांचं तिथंच अडकलेलं.

विमा बंद नाही झाला, एक रुपयावाला बंद झाला. २०२३ पासून तो होता, २०२५ च्या खरिपापासून परत खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या (जास्तीत जास्त जेवढी भरपाई मिळू शकते तिच्या) २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकाला ५ टक्के हप्ता शेतकऱ्याकडून. पण त्याच वेळी राज्यानं चार गोष्टी काढून टाकल्या: पेरणी न होणं, हंगामात मध्येच आलेली आपत्ती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान. ७२ तासांची तक्रार होती ती यातल्या शेवटच्या दोन्हींसाठी. म्हणून ऑप्शन दिसत नाही, ॲप बिघडलेलं नाही. तुमचं चिबडलेलं रान आणि कोंब फुटलेली बनीम या वर्षी विम्याच्या हिशोबात स्वतंत्र धरली जाणार नाही. वाईट आहे पण असंच आहे.

दादा_निलंगेकर:
मंडळाचं मी सांगतो. तुमच्या वावरात किती झालं ते कुणी बघत नाही, महसूल मंडळात (म्हणजे काही गावांच्या गटात) पीक कापणी प्रयोग होतात, म्हणजे निवडलेल्या वावरातला ठरावीक तुकडा कापून वजन करतात, सोयाबीनला उपग्रहावरून काढलेल्या आकड्याचाही वाटा असतो, त्यातून मंडळाचं सरासरी उत्पादन निघतं. दुसरीकडं उंबरठा उत्पादन, म्हणजे मागच्या ७ वर्षांतली चांगली ५ वर्षं धरून सरासरी आणि तिचे ७० टक्के. मंडळाचं उत्पादन या उंबरठ्याच्या खाली गेलं की मंडळ बसलं म्हणतात. समजा सरासरी हेक्टरी १५०० किलो, तर उंबरठा १०५०. मंडळाचं ६३० किलो भरलं तर तूट ४२०, म्हणजे ४० टक्के. विमा संरक्षित रक्कम ५० हजार असेल तर हेक्टरी २० हजार, तुमचे दीड हेक्टरचे ३० हजार. पण मंडळाचं ११०० भरलं तर शून्य, मग तुमचं सगळं वाहून गेलं तरी शून्यच. ५० हजार आणि बाकीचे आकडे मी सोयीसाठी धरलेत, तुमची खरी संरक्षित रक्कम पावतीवर छापलेली असते.

यामुळंच बांधाला बांध लागून असलेल्या दोन गावांत एकाला मिळतं आणि दुसऱ्याला नाही, मंडळ वेगळं असतं. तालुका कृषी कार्यालयात आपल्या मंडळाचं उंबरठा आणि आलेलं उत्पादन, दोन्ही लेखी मागा. आणि पुढच्या खेपेला आपल्या गट नंबरात प्रयोग पडला तर हजर राहा, ओल्या शेंगांचं वजन कसं धरलं ते डोळ्यांनी बघा.

बांधकरी:
मोटर-गोठ्याचं राहिलं. यात नाही बसत, त्याला पैसे भरून वेगळी पॉलिसी. दुधाचं जनावर पुरात किंवा विजेनं गेलं तर सरकारी मदत ३७,५०० आहे पण शवविच्छेदन आणि पंचनामा लागतो, पुरून टाकल्यावर काही होत नाही. वडिलांना अपघात वगैरे झाला (देव न करो) तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे, मृत्यूला २ लाख, तिचा हप्ता भरावा लागत नाही.

धागाकर्ता:
खूप आभार दोघांचे, एवढं सरळ कुणीच सांगितलं नव्हतं. वडिलांना फोन करून पावतीचा फोटो मागवलाय. अजून एक, आमच्याकडं रानडुकरांचा भयंकर त्रास आहे, ते कव्हर होणार असं ऐकलं ते खरं का?

दादा_निलंगेकर:
केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलंय, २०२६ च्या खरिपापासून. पण राज्यानं आपल्या अधिसूचनेत तुमचा जिल्हा आणि पीक घेतलं तरच, त्यामुळं हप्ता भरायच्या आधी कृषी सहायकाला विचारूनच भरा. आणि असं कव्हर असेल तर तिथं मात्र परत ७२ तास लागू, वडिलांच्या मोबाइलमध्ये ॲप टाकून ठेवा.