डोंगराचे बूट कसे निवडले आणि कुठे फसलात? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

टेकडीपलीकडची

लेक यंदा उत्तरकाशीला चाललीय, नेहरू इन्स्टिट्यूटच्या गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला. तिला बूट घ्यायचेत. घरात या विषयावर बोलायचा अधिकार मला नाही, कारण माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं अजून पुरती आलेली नाहीत.

झालं असं की मागल्या मे महिन्यात सेल लागला होता. ४५ अंशांत दुकानात गर्दी नसते म्हणून मी भरदुपारी गेले. पायात सँडल, त्यामुळे दुकानातलाच पातळ मोजा चढवला, नेहमीचा नंबर मागितला, फरशीवर चार येरझाऱ्या घातल्या. पाय कसा अगदी गच्च बसला! खूश होऊन बिल केलं. डिसेंबरात उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक. १२,५०० फुटांपर्यंत चढताना काहीच झालं नाही. उतार लागला आणि दर पावलाला अंगठा बुटाच्या पुढच्या भिंतीवर आपटायला लागला. टक, टक, टक. तंबूत मोजे काढले तर नखं जांभळी. फेब्रुवारीत सोफ्यावर मटार सोलत बसले होते, मोजा ओढला आणि एक नख मोज्यासोबतच निघून आलं. दुखलंसुद्धा नाही, म्हणून जास्त घाबरले.

आपलं गाव ३१० मीटरवर आणि सपाट. दुकानाची फरशी तर त्याहून सपाट. मग उताराचा बूट इथे पारखायचा कसा? ब्रँड आणि किंमत मागाहून सांगा, आधी पायाचं काय झालं ते लिहा.

माळ्यावरचा खोका

माझी कथा बुटाच्या म्हातारपणाची. चांगले महागाचे बूट घेतले, दोन ट्रेक केले, मग लग्न, पोरगं, ईएमआय. बूट खोक्यात घालून माळ्यावर. वर पत्रे. सात वर्षांनी मित्रांनी पचमढी ठरवली तेव्हा खाली काढले. पॉलिश मारलं, नव्यासारखे चमकले.

चौरागडच्या पायऱ्या उतरताना उजव्या पायाखाली काहीतरी भुसभुशीत लागलं. पाहतो तर तळवा टाचेपासून सुटून जिभेसारखा लोंबतोय, आणि आतला फेसासारखा थर चुरा होऊन पायरीवर सांडलाय. शिळ्या केकसारखा. मित्राच्या गमछ्यानं बांधला. अर्ध्या तासानं डावाही गेला. बूटसुद्धा जोडीनं मरतात हे तेव्हा कळलं.

परत आल्यावर मोच्याकडे नेले. त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि हात वर केले. चिकटवायला खाली काही उरलंच नव्हतं. मधला थर पॉलियुरेथेनचा असला की हवेतला ओलावा त्याला आतून खातो, आणि गरमीत ते आणखी लवकर होतं. म्हणजे आपला मे आणि त्यानंतरचा जुलै, दोन्ही त्याच्या जिवावर. ठेवून दिलेला बूट वापरातल्या बुटापेक्षा आधी जातो म्हणतात, ते मला पटलंय. ईव्हीए फोमचं असं पीठ होत नाही, तो नुसता दबून चपटा होतो.

आता मी जुन्या बुटाचा मधला थर नखानं दाबून पाहतो. तडे दिसले की बाद. बूट घरातल्या थंड कपाटात ठेवतो आणि महिन्यातून एकदा घालून अंबाझरीला चक्कर मारतो. गाडीच्या डिक्कीत तर अजिबात ठेवत नाही.

नागद्वारवाले काका

तुम्ही पोट्टे बुटाचं लय मनावर घेऊन राहिले. मी बावीस वर्षं पचमढीजवळच्या नागद्वारीच्या यात्रेले जातो. वर्षातून नागपंचमीच्या आगेमागेच ती वाट उघडते, आन् आपल्या नागपूरचे लोक किती असतात ते तिथं जाऊन पाहा. निम्मे अनवाणी, निम्मे प्लास्टिकच्या सँडलीत.

एका वर्षी जावयानं मले वॉटरप्रूफ बूट घेऊन देल्ले. म्हटलं, चला, पाय कोरडे राहतीन. अरे, सातपुड्यातला श्रावण तो! पाणी खालून थोडीच येते? पायजम्यावरून ओघळत वरूनच बुटात गेलं. आन् एकदा गेलं ते गेलं, बाहेर निघाचं नावच नाई. दोन पायात दोन बादल्या घेऊन चाललो. रात्री तळवे पांढरे, इडलीसारखे फुगलेले. बाजूचा माणूस सँडल झटकून मोकळा!

भर पावसात जाळीचा बूट बरा. पाणी येते, तसंच जाते. वॉटरप्रूफ हा बर्फासाठी, दवासाठी. दगडावर शेवाळ असलं तं कोणताच बूट कामाचा नाई, तिथं बुडावर बसाचं आन् घसराचं. याच्यात लाजाचं काय हाय?

टेकडीपलीकडची

काका, इडली वाचून माझ्याच पायाला कसंतरी झालं. जावयाला सांगितलंत का?

नागद्वारवाले काका

नाई. त्याले वाटते मी अजून तेच घालतो.

सहा नंबर

बायकांच्या पायाबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. माझा पाय पुढून रुंद, अंगठ्याच्या सांध्याचं हाड बाहेर आलेलं. पाच वर्षं बायकांच्याच विभागात शोधत होते, सगळे निमुळते. बर्डीतला एक दुकानदार म्हणाला, "ताई, घ्या तुम्ही, वापरून सैल होते." घेतले. चामडं खरंच थोडं सैल होतं, पण ते चामडं नव्हतंच. सिंथेटिक कापड आणि वर रबराची पट्टी. ती पट्टी नेमकी हाडावर. चिखलदऱ्याला गाविलगडावर दिवसभर फिरले आणि संध्याकाळी हाडावर रुपयाएवढा फोड.

मग भावाच्या जुन्या बुटात पाय घालून पाहिला. रुंदी बरोबर! तेव्हापासून पुरुषांचे घेते. नंबराचा घोळ मात्र निस्तरावा लागतो. यूके ६ म्हणजे युरोपियन ३९ च्या आसपास, आणि अमेरिकन आकडा त्याहून वेगळा. ऑनलाइन मागवताना मी नुसता ६ पाहिला, तो अमेरिकन निघाला. बूट आले ते भाचीला झाले.

आता पद्धत अशी. रात्री जेवणानंतर वहीच्या कागदावर उभं राहायचं, दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवायची. बसून नाही, उभं राहूनच, कारण वजन पडलं की पाय पसरतो. माझा डावा उजव्यापेक्षा चार मिलिमीटर लांब निघाला. बूट मोठ्या पायाला घ्यायचा. बुटातलं आतलं पॅड काढून त्या चित्रावर ठेवायचं. पाय पॅडच्या बाहेर सांडत असेल तर पुढे घालूनही पाहायची गरज नाही.

टेकल्याचा दगड

लेक बेसिकला चालली आहे म्हणून खास लिहितो. मी तो कोर्स केलाय. बर्फावरचे कडक बूट तिथे संस्थाच देते, त्यामुळे त्यांच्यासाठी इथे पैसे घालू नका. उत्तरकाशीजवळच्या टेकला गावी खडकावरचा सराव, मग डोकरानी बामकच्या हिमनदीपर्यंत पायपीट. त्या पायपिटीला स्वतःचे, सवयीचे, मळलेले बूट हवेत. यादी येईल, ती नीट वाचा.

बर्फाच्या बुटाचा हिशोबच वेगळा आहे. त्याचा तळवा वाकला नाही पाहिजे, कारण खाली क्रॅम्पॉनचे पोलादी दाते बांधायचे असतात. मऊ ट्रेकिंग बूट दर पावलाला वाकतो, मग क्रॅम्पॉन सैल होतो आणि नको त्या जागी निसटतो. म्हणून बुटाच्या कडकपणाच्या बी१, बी२, बी३ अशा चढत्या पायऱ्या आहेत. बी३ जवळजवळ फळीसारखा. तो घालून चालायला लागलो तेव्हा बदकासारखा दिसत होतो, फोटो कोणाला दाखवत नाही.

माझी चूक ऐका. थंडीच्या भीतीनं मी दोन जाड मोजे चढवले आणि नाड्या आवळून बांधल्या. तासाभरात बोटं बधिर. इन्स्ट्रक्टरनं बूट उघडायला लावला, एक मोजा काढून खिशात ठेवायला लावला आणि नाडी सैल केली. दहा मिनिटांत बोटांना मुंग्या आल्या आणि मग ऊब. घट्ट बुटात रक्तच पोचत नाही, मोजे किती का असेनात. त्यामुळे बूट मिळतील तेव्हा लेकीला म्हणावं, आत बोटं हलवून बघ. हलत नसतील तर स्टोअरमध्ये परत जा, भिडेखातर गप्प राहू नको.

हिंगण्याचा पोट्टा

एवढं बजेट कोणाकडे आहे भाऊ? मी हॉस्टेलवाला. विदर्भ एक्सप्रेसनं इगतपुरी, तिथून कळसूबाई, पायात ॲक्शनचे ट्रेकिंग शूज. सह्याद्रीतली निम्मी पोरं त्यातच दिसतात. रबर मऊ, कातळाला चिकटते. माझ्यासोबतचा एकजण जाड खाचांचा भारी बूट घालून आला होता. मातीत तो राजा, गुळगुळीत बेसॉल्टवर मात्र दोनदा आडवा. खाच मातीत रुतते, पण दगडावर काम रबराचं.

त्याच्या बुटाच्या तळव्याखाली व्हिब्रमचा, म्हणजे रबरी तळवे बनवणाऱ्या कंपनीचा, पिवळा शिक्का होता. त्यामागची गोष्ट मला माहीत नव्हती. १९३५ साली इटलीत पुंता रासिका शिखरावर सहा गिर्यारोहक दगावले, त्यांच्या पायात अशा हवामानाला न झेपणारे बूट होते. विताले ब्रामानीनं त्या धक्क्यातून रबरी खाचांचा तळवा बनवायला घेतला आणि १९३७ साली तो आणला. विताले आणि ब्रामानी मिळून व्हिब्रम. शिक्का पाहून लगेच पैसे देऊ नका म्हणा, कारण एकाच शिक्क्याखाली मऊ रबरही येते आणि कडकही.

दहावा मजला

सराव आणि पारख, दोन्ही आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात. पाठपिशवीत पाण्याच्या आठ बाटल्या, पायात नवे बूट, दहा मजले वर आणि, हे महत्त्वाचं, दहा मजले खाली. खाली येताना लिफ्ट वापरली तर बुटाबद्दल काहीच कळत नाही. पहिल्या आठवड्यात वॉचमननं लिफ्ट बंद असल्याची तक्रार परस्पर सोसायटीच्या ग्रुपवर टाकली.

तिसऱ्या दिवशी टाच घासायला लागली. तेव्हा घोट्याजवळच्या वरच्या हुकांत नाडीचे दोन फास करून एकमेकांतून ओवले, टाच मागे बसली. नखं निघायच्या दोन दिवस आधी कापा. ट्रेकला निघायच्या म्हणतोय, गळून निघायच्या नाही!

टेकडीपलीकडची

काल आम्ही दोघी दुकानात जाऊन आलो. संध्याकाळी सात वाजता, घरचे जाड लोकरी मोजे घेऊन. नागपुरात या दिवसांत लोकरी मोजे घालणाऱ्या दोन बायका पाहून तिथला पोरगा हसू दाबत होता. पॅड कागदावर ठेवलं तेव्हा मात्र तोही वाकून बघायला लागला.

पारखायला उतार मिळाला तो बेसमेंट पार्किंगचा रॅम्प. मॅनेजरनं लेकीची चप्पल आणि माझं लायसन्स काउंटरवर ठेवून घेतलं. पहिल्या जोडात चौथ्या फेरीला अंगठा टेकला. दुसऱ्यात टाच उचलली. तिसरा एक नंबर मोठा. त्यात ती रॅम्पवरून जोरात धावत खाली आली, मागे एक स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता. "आई, काहीच लागत नाही." मी म्हटलं, अजून एकदा. स्कूटरवाला म्हणाला, मॅडम, आधी मला जाऊ द्या.

तिसरा घेतलाय. उद्यापासून जिना. आमची बिल्डिंग तीनच मजल्यांची आहे, दहावा मजला, तुमचा पत्ता कळवाल का?