लढाईच्या भीतीनं गावी धाडलेली मुलं : तुमच्या आठवणी सांगा

डिसेंबर १९४१ मध्ये रंगूनवर बॉम्ब पडले, फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि मुंबईच्या चाळींतून बायकामुलांची गावाकडे रीघ लागली. तेव्हाची मुलं आज नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्याकडून ऐकलेलं आत्ताच लिहून ठेवायला हवं. नंतरच्या लढायांमधलंही सांगा. सुरुवात माझ्या आईपासून करते.

आई सहा वर्षांची. आजोबा नोकरीसाठी गिरगावातच राहिले, आजी तिघा मुलांना घेऊन बोटीनं विजयदुर्गाला उतरली. घर थोरल्या दिरांचं. मोठी जाऊ रोज सकाळी मापट्यानं तांदूळ काढून द्यायची. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, रंगूनचा तांदूळ यायचा थांबला, तशी ती मापट्यावरून हात फिरवून वरचे दाणे परत कणगीत लोटायला लागली. आजीनं मुलांना बजावलं, "दुसऱ्यांदा भात मागायचा नाही." मग आई घास लहान लहान करून खायची. अजूनही ती सगळ्यांच्या शेवटी पानावरून उठते. आम्ही लहानपणी त्यावरून तिच्यामागे भुणभुण करायचो, याचं आता फार वाईट वाटतं.

—

मी १९३६ चा. आम्ही भायखळ्याहून साताऱ्याकडे गेलो होतो आणि भीती ओसरली म्हणून मार्च १९४४ मध्ये परतलो. १४ एप्रिलला दुपारी चारच्या सुमारास खिडकीची काच ब्लॅकआऊटच्या काळ्या कागदासकट घरात येऊन पडली. गल्लीत एकच ओरडा, "जपानी आले!" गोदीत दारूगोळ्याचं जहाज फुटलंय हे रात्री कळलं. आईनं गावाहून आणलेली ट्रंक अजून पुरती रिकामीही केली नव्हती. दुसऱ्या दिवशी तीच ट्रंक घेऊन आम्ही पुन्हा गावाला.

—

माझे वडील गावातलेच. एका आठवड्यात वर्ग दुप्पट भरला, बसायला तरटं पुरेनात, असं ते सांगायचे. परत जाताना मुंबईच्या एका मुलानं त्यांना शिसपेन्सिल दिली. बोटांत धरवेना इतकी झिजेपर्यंत त्यांनी ती वापरली.

—

आमची गोष्ट १९७१ ची. वडील फौजेत, आम्ही पठाणकोटला. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी तिथल्या विमानतळावर पाकिस्तानी विमानांनी बॉम्ब टाकले. चार दिवसांनी आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन गाडीत बसली. रात्री डब्यात दिवा नाही, खिडक्यांच्या झडपा खाली. कोणी काडी ओढली तरी सगळे अंगावर धावायचे.

१७ तारखेला लढाई संपली, गावात पेढे वाटले. आजीनं पेढा पदराला बांधून ठेवला, खाल्ला नाही. वडिलांचं पत्र आलं जानेवारीत. तिला वाचता येत नव्हतं, आईच्या तोंडून शब्द फुटेना. मी दुसरीत होतो. जोडाक्षरांना अडखळत वाचलं. आजी म्हणाली, "परत वाच." चार वेळा वाचून घेतलं, मग पदराची गाठ सोडली.