कुत्र्यांना ओमेगा तेल : तुमचा अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

कुत्रा पाळणाऱ्यांच्या प्रत्येक ग्रुपवर हा प्रश्न येतोच येतो : "केस फार गळताहेत, कुठलं ओमेगा तेल देऊ?" त्यावर उत्तरं येतात ती बाटल्यांची नावं. कुत्र्याचं वजन किती, अंगाला खाज आहे का, रोज काय खातो, हे विचारणारा एखादाच. म्हणून बाटल्यांची नावं बाजूला ठेवून खरे अनुभव एका जागी यावेत असं मनापासून वाटतं. जात, वय, वजन, जेवण, तेल कशासाठी सुरू केलं आणि पुढे काय झालं एवढं लिहा. फरक पडला नसेल तर तेही आवर्जून लिहा, ते जास्त उपयोगी पडतं.

सुरुवात माझ्यापासून. आमचा सुलतान, लॅब्रेडॉर, नऊ वर्षांचा, ३० किलो. त्याचं तेल केसांसाठी नाही, मागच्या पायांच्या सांध्यांसाठी सुरू झालं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की डबीवर मोठ्या अक्षरात "१००० मिलिग्रॅम फिश ऑइल" असतं, तिकडे बघू नका. मागे बारीक अक्षरात ईपीए आणि डीएचए (माशाच्या तेलातली कामाची दोन ओमेगा ३ आम्लं) किती आहे ते बघा. माणसांच्या साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा १८० मिलिग्रॅम ईपीए आणि १२० डीएचए, म्हणजे कामाचं ३०० मिलिग्रॅमच असतं. सुलतानच्या वजनाच्या कुत्र्याला त्वचेच्या तक्रारीसाठी ईपीए-डीएचए मिळून दिवसाला साधारण १६०० मिलिग्रॅम लागतं आणि सांधेदुखीसाठी ४००० च्या आसपास. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००६ साली जी वरची सुरक्षित मर्यादा दिली, ती या वजनाला ४७०० च्या जवळपास येते. १० किलोच्या कुत्र्याला त्वचेसाठी ७०० पुरतं. वजन तिप्पट म्हणून डोस तिप्पट होत नाही, त्यामुळे हा हिशेब डॉक्टरांकडूनच करून घ्यावा. रोज एक कॅप्सूल घालून "काही उपयोग नाही" म्हणणाऱ्यांच्या कुत्र्यांपर्यंत पुष्कळदा डोस पोचलेलाच नसतो.

आम्ही थोड्यावर सुरू करून हळूहळू वाढवत गेलो. सुरुवातीला शी पातळ झाली, मग बसली. दोन-तीन महिन्यांनी तो बसल्या जागेवरून उठताना कण्हेनासा झाला आणि डॉक्टरांनी वेदनाशामक गोळीचा डोस कमी केला. केस? पूर्वी गळायचे तेवढेच गळतात. लॅबचे केस गळतातच, ते थांबवायला तेल देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

आता तुम्ही लिहा.

चिमीची आई, यवतमाळ

आमची चिमी गावठी आहे, चार वर्षांची, वजन १६ किलो. घरी येईपर्यंत ती भाकरी-दुधावरच वाढलेली. केस राठ, पाठीवर कोंडा. आमच्याकडे जवस घरचाच, घाण्यावरचं तेलही मिळतं, म्हणून जेवणात छोटा चमचा जवसाचं तेल घालायला लागलो. दोनेक महिन्यांत केसांना तकाकी आली, हात फिरवला की कळायचं. कोंडाही कमी झाला.

पण कानामागची आणि कोपराची खाज जशीच्या तशी राहिली. डॉक्टरांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर खरजेचे किडे निघाले. औषध दिल्यावर खाज गेली. तकाकी आली म्हणजे कातडीचा आजार बरा झाला असं नसतं, हे यातून आम्हाला नीट कळलं. आणि जवस चालतो म्हणून कुणी जवसाची चटणी घालू नका. त्यात लसूण असतो, लसूण आणि कांदा दोन्ही कुत्र्याला विषारी.

धागाकर्ता

चिमीची आई, फार मोलाचं लिहिलंत. थोडी भर घालतो. जवसात ओमेगा ३ भरपूर आहे, पण ते एएलए या रूपात. त्याचं ईपीए करण्याची कुत्र्याच्या शरीराची ताकद फार थोडी आणि डीएचए तर नावापुरतंच होतं. त्यामुळे सूज, खाज, सांधे यांच्यासाठी जवस माशाच्या तेलाची जागा घेऊ शकत नाही. तकाकीचं कारण वेगळं. भाकरी-दुधाच्या जेवणात स्निग्धांशच कमी, त्यातही लिनोलिक आम्ल कमी. ते ओमेगा ६ आहे आणि कुत्र्याला अन्नातूनच मिळावं लागतं. कातडीतलं पाणी धरून ठेवणारा थर त्याच्यावर उभा असतो. जवसात तेही थोडं असतं, करडई-सूर्यफुलात पुष्कळ आणि कोंबडीच्या चरबीतही चांगलं. जे कुत्रे पाकिटातलं खाणं खातात त्यांना ते आधीच भरपूर मिळतं, त्यामुळे "३-६-९" लिहिलेल्या मिश्रण-तेलाचे पैसे त्यांच्यासाठी वाया जातात असं मला वाटतं.

बंड्याचे बाबा, मालवण

आमच्याकडे बाटली नाहीच, तारली आहे. तारलीइतका तेलकट आणि स्वस्त मासा दुसरा नाही. पावसाळ्यानंतर ती चांगली माजलेली असते, तेव्हा भांड्यात तेल सुटलेलं दिसतं. डोकं आणि आतडी काढून, मीठ-मसाला न घालता उकडायची, मधला काटा काढायचा आणि भातात कुस्करून द्यायची. उकडलेलं पाणी टाकायचं नाही, तेल त्यातच असतं. बंड्या (गावठी, १८ किलो) आठवड्यातून तीन-चार वेळा खातो. अंग काळंभोर चमकतं.

बांगडाही देतो, पण त्याचे काटे जपून काढावे लागतात. घरचं कालवण मात्र कधीच नाही, कांदा-लसूण-तिखटामुळे. खारवलेली सुकी मासळीही नाही, मीठ फार. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात डॉक्टरांनी सांगितलेलं तेल आणतो. आमच्या दमट हवेत उघडी बाटली बाहेर ठेवली की ती खवट होते, म्हणून आणली की थेट फ्रीजमध्ये. माशाचा वास येणारच, पण जुन्या रंगासारखा उग्र वास आला की ते तेल फेकून द्यावं.

एक विचारायचं होतं. इकडे बरेच जण खोबरेल पाजतात. त्यात ओमेगा असतं का?

पशुवैद्यक, वाचक

बंड्याचे बाबा, खोबरेलात ओमेगा ३ जवळजवळ नसतंच, ओमेगा ६ ही अगदी थोडं. ते मुख्यतः संपृक्त चरबीचं तेल आहे. कोरड्या नाकाला, पंजाला वरून लावायला हरकत नाही, पण पाजून या कामाचा काही फायदा नाही.

धागा वाचतेच आहे तर रोज दवाखान्यात सांगावं लागतं ते इथे लिहिते.

माशाचं तेल आणि कॉड लिव्हर ऑइल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कॉड लिव्हर ऑइल माशाच्या यकृतातून काढतात आणि त्यात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर असतं. ईपीए-डीएचएचा डोस गाठायला ते चमच्यांनी पाजलं तर ड जीवनसत्त्व साठत जातं, रक्तातलं कॅल्शियम वाढतं, कुत्रा सारखं पाणी पितो, उलट्या करतो आणि मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत वेळ येते. कृपया हे करू नका. माणसांसाठीच्या गोड चवीच्या गमीज तर घरात कुत्र्याच्या तोंडाशी येऊच देऊ नका, काहींमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य) असतं आणि ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

ऑपरेशन ठरलं असेल तर तेल चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगा. जास्त डोसमध्ये रक्त गोठायला आणि जखम भरायला वेळ लागू शकतो. नसबंदीच्या आधीही सांगा, बहुतेक लोक तेलाला औषध समजत नाहीत म्हणून ते सांगायचं राहून जातं.

आणि धीर धरा. कातडीचा वरचा थर पूर्ण बदलायला कुत्र्यात साधारण तीन आठवडे लागतात आणि तेलाचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे. पंधरा दिवसांत बाटली बदलू नका. सांध्यांबद्दल धागाकर्त्यांचा अनुभव अभ्यासांशी जुळतो. २०१० साली अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात माशाच्या तेलाचं प्रमाण वाढवलेलं खाणं खाणाऱ्या संधिवाताच्या कुत्र्यांना कार्प्रोफेन हे वेदनाशामक कमी लागलं होतं.

मोगलीची ताई, पुणे

बीगल, पाच वर्षं, १३ किलो. मोगलीला ॲटोपी आहे, म्हणजे हवेतल्या गोष्टींची ॲलर्जी. पावसाळा सुरू झाला की पंजे चाटून चाटून लाल, पोटावर पुरळ, कानात यीस्ट. वर्षानुवर्षं स्टिरॉईडच्या गोळ्यांवर पावसाळा काढायचा. गोळी चालू असली की त्याला भूक आणि तहान इतकी लागायची की रात्रभर घर जागं.

आमचं घर पूर्ण शाकाहारी. आजी म्हणाली, मुक्या जिवाला औषध म्हणून दे, माझी ना नाही. तरी तिच्या स्वयंपाकघराशेजारी माशाचं तेल ठेवायला मला संकोच वाटत होता. त्वचेच्या डॉक्टरांनी शेवाळापासून काढलेलं तेल सुचवलं. मासे डीएचए स्वतः फारसं तयार करत नाहीत, सूक्ष्म शेवाळातून अन्नसाखळीने ते त्यांच्यात येतं, मग मधला मासा वगळायचा. हे तेल महाग पडतं. शिवाय काही शेवाळ-तेलांत फक्त डीएचए असतं, ईपीए नसतंच, म्हणून दोन्ही असलेलं शोधून आणलं.

डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सुरू करायला लावलं, म्हणजे जूनपर्यंत ते अंगात मुरलेलं असेल. गोळी बंद झाली का? नाही. पण त्या पावसाळ्यात तिचा डोस निम्म्याच्या जवळ आला आणि पुढच्या पावसाळ्यातही तिथेच राहिला. त्याच्या जोडीला दर आठवड्याला औषधी शाम्पू, फिरून आल्यावर पंजे पुसणं आणि पिसवांचं औषध वेळेवर, हे सगळं चालू आहे. फक्त तेलाला श्रेय दिलं तर ते खोटं ठरेल. पण त्या पावसाळ्यात मोगली रात्री झोपला, आम्हीही झोपलो, आणि हे मला सगळ्यांना सांगायचं होतं.

कारवानीवाले, सोलापूर

आमच्या कारवानी कुत्र्याची कातडी जात्याच पातळ आणि केस आखूड. तेल न देताही चांगला दिसतो. जंताचं औषध वेळेवर, रोज एक उकडलेलं अंडं आणि पुरेसं मांस, एवढ्यावर अंग चमकतं. केस म्हणजे मुख्यतः प्रथिनंच. ताटात प्रथिनं नसतील तर तेल कितीही ओता.

ब्राऊनीची आई, ठाणे

गोल्डन रिट्रीव्हर, सात वर्षं. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होत गेले, शेपटी उंदरासारखी झाली, खाज अजिबात नाही. खाणं तेच, तरी वजन वाढत चाललेलं, दिवसभर झोप. सगळे म्हणाले ओमेगा द्या. आमच्या डॉक्टरांनी तेलाचा विषयच काढला नाही, थेट रक्त तपासलं. थायरॉईड कमी निघालं. रोजच्या गोळीने काही महिन्यांत केस परत आले आणि ती पुन्हा चेंडूमागे धावायला लागली. खाज नसताना दोन्ही बाजूंनी सारखे केस जात असतील तर कृपया आधी रक्त तपासा.

गल्लीतल्यांची मावशी, दादर

मी रस्त्यावरच्या कुत्र्यांना जेवण घालते. त्यांच्यासाठी तेल परवडत नाही आणि खरं तर त्यांची पहिली गरज ती नाहीच. गोचीड, खरूज, जंत, पोटभर अन्न, या क्रमाने जावं लागतं. गोचीड तापाने खंगलेल्या कुत्र्याचे केसही निस्तेज होतात, त्याला तेल पाजत बसलं तर जीव जाईल. हिरड्या पांढऱ्या दिसल्या, ताप असला, नाकातून रक्त आलं तर तडक दवाखाना. अंडी देता येतील तेव्हा देते.

पिंकूचे काका, डोंबिवली

पॉमेरेनियन, ११ वर्षं. तिला पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली आहे. डॉक्टरांनी वरून कुठलंही तेल द्यायला साफ मनाई केली. तेल म्हणजे शेवटी चरबीच, छोट्या चमच्यातच ४० च्या आसपास कॅलरी. एवढ्याशा जिवाला त्या फार होतात.

मराठी कुटुंब, सिॲटल

इकडे सॅल्मनचं तेल पंपाच्या बाटलीत सगळीकडे मिळतं, आम्हीही तेच देतो. मात्र इकडे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक धोक्याची सूचना. नदीकाठी कुत्र्याला कच्चा सॅल्मन किंवा ट्राऊट खाऊ देऊ नका. या किनाऱ्यावरच्या माशांत एक चपटा कृमी असतो, त्याच्यातून येणाऱ्या जिवाणूमुळे सॅल्मन पॉयझनिंग नावाचा आजार होतो. आठवडाभराने ताप, उलट्या, हगवण सुरू होते आणि उपचार झाले नाहीत तर बहुतेक कुत्रे दगावतात. वेळेत प्रतिजैविक मिळालं तर बरे होतात. शिजवलेल्या माशात हा धोका नाही.

नवीन सदस्य, नाशिक

आमचं इंडी पिल्लू अडीच महिन्यांचं आहे. त्याला आत्तापासून तेल सुरू करू का?

पशुवैद्यक, वाचक

पिल्लाच्या मेंदूला आणि डोळ्यांच्या पडद्याला डीएचए लागतंच. पिल्लांसाठीचं चांगलं पाकीटबंद खाणं देत असाल तर त्यावर डीएचए लिहिलेलं आहे का बघा. असेल तर वेगळं काही नको. घरचं जेवण असेल तर वजन करून घेऊन या, आपण आधी पूर्ण जेवणच ठरवू, त्यात कॅल्शियम तेलापेक्षा महत्त्वाचं आहे. लसीची तारीख चुकवू नका, येताना जंताच्या औषधाचा कागदही घेऊन या.