पासवर्ड बदलायची सक्ती बंद करा, आधी लोकल अ‍ॅडमिनकडे बघा

कळफलक:
ऑफिसातल्या नेटवर्कवरच्या पीसींना दर ४५ दिवसांनी पासवर्ड बदलायला लावतात, ते बंद व्हावं असं माझं ठाम मत आहे. माणूस करतो काय, तर शेवटचा आकडा एकाने वाढवतो. जुना पासवर्ड ज्याच्या हाती लागला, त्याला नवा ओळखायला कितीसा वेळ लागणार? अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की पासवर्ड फुटल्याचं दिसलं तरच बदलायला लावा. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये विंडोजच्या शिफारशींतून मुदतीची अट काढून टाकली.

खरं भगदाड दुसरीकडे आहे. सगळे पीसी एकाच इमेजवरून (तयार विंडोजच्या नकलेवरून) बसवलेले, म्हणून लोकल अ‍ॅडमिनचा, म्हणजे त्या-त्या पीसीवरच्या सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड सगळीकडे एकच. तो फोडायचीही गरज नसते. एका मशीनवरून त्याचा हॅश (पासवर्डऐवजी साठवलेलं त्याचं सांकेतिक रूप) उचलून पुढच्या मशीनला दिला की दार उघडतं. याकडे कुणी बघतच नाही, याचा मला राग येतो.

सर्व्हररूम:
अर्धीच शिफारस उचलू नका. नवा पासवर्ड फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून बघा, असंही एनआयएसटीने त्याच ठिकाणी म्हटलंय. ते किती जण करतात? रजेवर जाताना शेजारच्याला पासवर्ड सांगून जाणारे मी रोज बघतो. मुदत असली की ती उधारी कधीतरी संपते. आणि फुटल्याचं कळायला लॉग (लॉगिनच्या नोंदी) वाचणारा माणूस लागतो, तो बहुतेक ठिकाणी नसतो.

कळफलक:
लॉगचा मुद्दा मान्य. पण ४५ दिवस ही चोराला सवलतच झाली. जून २०१७ मधला नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम आठवा. मेमरीतून लॉगिनची माहिती काढून तो पॅच मारलेल्या (सुरक्षेचे अपडेट टाकलेल्या) मशीनवरही घुसत होता. मुदत तिथे काय करणार होती? लॅप्स, म्हणजे लोकल अ‍ॅडमिनचे पासवर्ड सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सोय, चालू करा. प्रत्येक पीसीला वेगळा पासवर्ड मिळतो आणि तो आपोआप बदलत राहतो. एप्रिल २०२३ पासून ते विंडोजमध्येच आहे, वेगळं काही बसवायला नको.

हिशेबनीस:
वापरणाऱ्याचंही ऐका. आमच्याकडे तीनदा चुकलं की खातं लॉक, आणि उघडून द्यायला आयटीवाला येईपर्यंत काम ठप्प. वर, माझं युजरनेम माहीत असलेला कुणीही मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून मला बाहेर ठेवू शकतो. ही कसली सुरक्षा?

सर्व्हररूम:
@हिशेबनीस, तीन फारच कमी. दहा प्रयत्न आणि दहा मिनिटांनी आपोआप अनलॉक. नव्या विंडोज ११ मध्ये मुळात तेच असतं. मर्यादा अजिबात काढू मात्र नका, नाहीतर रिमोट डेस्कटॉपवर (दुरून पीसी वापरायच्या सोयीवर) रात्रभर पासवर्ड मारून बघणाऱ्यांना रान मोकळं.

@कळफलक, लॅप्सला माझा विरोध नाहीच. पण लॉगिनला सिक्युरिटी की (पीसीला लावायची छोटी किल्ली) किंवा पासवर्डशिवाय दुसरा घटक (मोबाइलवरच्या कोडसारखा) येईपर्यंत मुदत मी काढणार नाही.

कळफलक:
मग निदान वर्षाची करा. आणि पासवर्ड किमान १५ अक्षरांचा ठेवा, म्हणजे लोक एक-दोन आकड्यांवर भागवणार नाहीत.