प्रति: विद्यापीठाची सुट्टीतली शिबिरं म्हणजे नुसता देखावा?

वर कुणीतरी लिहिलंय की दहावीच्या पोरांना विद्यापीठात नेऊन काय साधणार, शिकवायचं ते शाळेनं शिकवावं. अर्धं पटतं. पण आमच्या कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या मराठी शाळेतून एसएसएलसी (दहावी) झालेलं पोर पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला बसतं तेव्हा काय होतं ते मी स्वतः भोगलंय. 'त्वरण' येत होतं, 'ॲक्सिलरेशन' म्हटल्यावर डोक्यावरनं गेलं. वर्गात बाकीची पोरं कन्नडमध्ये शंका विचारायची, सर इंग्रजीत उत्तर द्यायचे, मी मान डोलवायचो. पहिली चाचणी? सोडा.

अमेरिकेत १९६० च्या दशकापासून शाळकरी मुलांना कॉलेजसाठी तयार करणारा 'अपवर्ड बाउंड' नावाचा कार्यक्रम चालतो. पैसा केंद्र सरकारचा, चालवतात बहुतेक ठिकाणी कॉलेजं नि विद्यापीठं. मुलं मुख्यतः गरीब घरची किंवा घरात आधी कुणी पदवीधर नसलेली. वर्षभर शिकवणी, आणि उन्हाळ्यात काही आठवडे कॅम्पसवरच गणित, विज्ञान, लेखन. हुशारांना निवडून मिरवायचा तो कार्यक्रम नव्हे, म्हणून मला आवडतो.

आपल्याकडे बेळगावजवळ भूतरामनहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, शहरालगत व्हीटीयूचं (राज्याच्या तंत्रशिक्षण विद्यापीठाचं) मुख्यालय. निकाल लागल्यापासून पीयूसी सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत तीन आठवडे फक्त संज्ञांचा पूल बांधला, मराठी-कन्नड-इंग्रजी, आणि प्रयोगशाळेत हात लावू दिला, तरी पुष्कळ. भाषणं नकोत. आणि बसपासचं आधी बघा, नाहीतर जांबोटीसारख्या लांबच्या गावांकडची पोरं यायचीच नाहीत.